पाचव्या मिनिटाची गोष्ट

पाचव्या मिनिटाला खेळ मला बाहेर फेकायचा. चौथ्या नाही, सहाव्या नाही, पाचव्याच.

"परत पळालीस?" हेडफोनमधून काडीपेटी ओरडला. काडीपेटी म्हणजे आमच्या चौघांच्या टीमचा कॅप्टन. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण पटकन पेटतो म्हणून हे नाव मीच ठेवलंय.

"पळाले नाही. हाकललं मला."

"बाकी कुणाला कसा हाकलत नाही तो? तू त्या लिनक्सवर खेळतेस ना, तिथे सगळे चोर. म्हणून चौकीदार पकडतो तुला."

चौकीदार म्हणजे खेळाबरोबर येणारा एक छोटा प्रोग्रॅम. कोण लबाडी करतंय त्यावर लक्ष ठेवतो.

"चोर असेल तुझा मामा," मी म्हटलं.

"मामाला मध्ये आणू नकोस. ऐक. शनिवारी दुपारी एक डाव शेवटपर्यंत टिकून दाखव. नाही जमलं तर रविवारच्या स्पर्धेत तुझ्या जागी माझा मावसभाऊ."

त्याच्या मावसभावाला बंदूक आणि झाडू यातला फरक कळत नाही. पण तो निदान डावात थांबतो.

खरं सांगू? नववीत शाळा सोडल्यापासून मला कुणी कशात घेतलं असेल, तर ते या टीमनेच. पहिल्या पाच मिनिटांत माझ्याइतका नेम कुणाचाच नव्हता. पुढच्या मिनिटांचं मला माहीत नाही. मी तिथवर कधी पोचलेच नव्हते.

कॉम्प्युटर आत्याचा. आत्या दुकानांच्या पाट्या बनवते. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, शेजारचं मशीन ती चिकट कागदावर कापतं, मग मी चिमट्याने अक्षरांमधला नको तो कागद सोलून काढते. 'ठ'च्या पोटातला गोल निघाला नाही तर पाटी वाया. दुपारी दोन ते तीन आत्या आडवी होते, तेव्हा मी खेळते. लिनक्स काढून दुसरी सिस्टिम टाकू का, म्हणून एकदा विचारलं होतं.

"ते मशीन याच सिस्टिमचं ऐकतं," आत्या म्हणाली. "हात लावलास तर बोटं चिकटवून टाकीन."

म्हणजे जे काय करायचं ते यातच. आमच्या सिस्टिमसाठी हा खेळ बनवलेलाच नाही. मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवावा लागतो. खेळ एका भाषेत मागतो, दुभाष्या कॉम्प्युटरला दुसऱ्या भाषेत समजावतो. मला वाटलं दुभाष्याच गडबड करतो. त्याची जुनी आवृत्ती टाकली, नवी टाकली, आवाज बंद केला, चित्रं धूसर केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवायची. प्रत्येक बदलासमोर एकच उत्तर: पाच मिनिटं.

मग नेटवर एकाचं लिहिलेलं सापडलं. 'लिनक्सवर तीन महिने खेळतोय, काही त्रास नाही.' आधी त्याचा राग आला. मग डोकं खाजवायला लागले. त्याला चालतं, मला नाही, तर त्याच्याकडे नसलेलं असं माझ्याकडे आहे काय?

शुक्रवारी परत फेकली गेले. या वेळी मी आदळआपट केली नाही. चौकीदार जे जे करतो ते एका फाईलमध्ये लिहून ठेवतो, ती उघडली. बरंचसं डोक्यावरून गेलं, पण आकडे कुणालाही कळतात. खेळाच्या मुख्य कॉम्प्युटरने मला एक पास दिला होता, दोन अकरा ते दोन सव्वीस. पंधरा मिनिटांचा. तो संपायच्या आत नवा मिळतो. आणि शेवटी, दोन सव्वीस: पास संपला, बाहेर.

पण मी तर पाचच मिनिटं खेळले होते! आता किती वाजले म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. दोन एकवीस.

थांब. परत पाहिलं. तिथे लिहिलं होतं दोन एकतीस.

वाचलं होतं एकतीस, डोक्याने सांगितलं एकवीस. कारण आत्याच्या कारखान्यात प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. कधीकाळी तिची एक पाटी दहा मिनिटं उशिरा पोचली आणि दुकानाचं उद्घाटन कोऱ्या भिंतीखाली झालं. तेव्हापासून हा नियम. आम्हाला इतकी सवय झालीय की दहा वजा करतोय हे कळतही नाही. आणि कॉम्प्युटर आला तेव्हा आत्याच्या सांगण्यावरून त्याचं घड्याळ कुणी पुढे केलं होतं? याच शहाणीने! आपोआप वेळ जुळवायची सोयही मीच बंद केली होती. पंधरातली दहा मिनिटं पास हातात पडतानाच संपलेली. उरली पाच.

मी एवढ्या जोरात हसले की आत्या उठून आली.

"काय झालं गं?"

"आत्या, या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घ्यायचंय."

"घड्याळ मागे, की काम मागे. अजिबात नाही."

"अगं, माझी जागा जाईल!"

"कुठली जागा? मला नीट सांग."

मी चिमटा टेबलावर आपटला. मग उचलला आणि नीट सांगितलं. पास, चौकीदार, मावसभाऊ, सगळं. आत्या स्टूल ओढून बसली. मला वाटलं ओरडेल. तर ती म्हणते, "म्हणजे तो पास कुठूनतरी लांबून येतो, आणि त्यांना आपलं घड्याळ चुकलेलं कळतच नाही?"

"त्यांचं काम पास देण्याचं. तो संपला की नाही हे आपल्या इथला चौकीदार बघतो, आपल्याच घड्याळात."

"मूर्खच आहे मग. शेजारी विचारायचं ना एकदा." तिने जरा विचार केला. "कॉम्प्युटर खरा ठेव. भिंतीवरची घड्याळं माझी."

शनिवारी आत्या आडवी झालीच नाही, माझ्या पाठीशी उभी राहिली. चौथं मिनिट. पाचवं. मी श्वास धरून ठेवला. सहावं.

"आहेस का?" काडीपेटी.

"आहे."

"आवाज का असा?"

सातव्या मिनिटाला धुकं खाली आलं. मला माहीतच नव्हतं या खेळात धुकं आहे! मग एक नदी, तिच्यावर लोखंडी पूल, पुलाखाली बांधलेल्या होड्या. "त्या होड्या चालतात का?" आत्याने विचारलं. मलाही तेच बघायचं होतं, म्हणून वाकले, आणि कुणीतरी मागून मला उडवलं.

तरी मी बाहेर पडले नाही. मेलेल्यांनाही बघता येतं. उरलेले तिघे लढत होते ते शेवटपर्यंत पाहिलं. बावीस मिनिटं. दुसरा नंबर आला.

"पुलावर काय करत होतीस?" काडीपेटी भडकला. "पर्यटनाला आलीस का? उद्या असं केलंस तर बघ!"

"उद्या?"

"उद्या म्हणजे उद्या, चार वाजता. मावसभावाला मी सांगतो. आणि नदीकडे बघायचं नाही!"

"बरं," मी म्हटलं. "फक्त एक सांग. नदीच्या पलीकडे काय आहे?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "आम्ही कुणी गेलोच नाही तिकडे."