कुलूप कोणाचं

"कुलूप कोणाचं?"
"माझं!"
"किल्ली कुठं?"
"गळ्यात!"
"जीव कोणाचा?"
"घरी वाट बघते तिचा!"

खाणीत उतरणाऱ्या पाळण्यात शिरण्याआधी मुकादम रोज असा ओरडायचा आणि पाळीवरची माणसं एका सुरात उत्तर द्यायची. तो मुकादम कधीच मातीत गेला. मुफुलिराच्या तांब्याच्या खाणीतली ती पाळीही मोडली. पण त्या पाळीवरच्या सांपाच्या कानात तो आवाज घुमतच राहिला. खाली यंत्राला हात लावायचा तर आधी विजेचा खटका पाडायचा, खटक्याला आपलं पितळी कुलूप घालायचं, किल्ली गळ्यात अडकवायची. कुलूप विसरलेली माणसं सांपानं पोत्यात घालून वर आणलेली होती. तो स्वतः कधी विसरला नाही.

काम सुटल्यावर त्यानं घराच्या मागच्या पडवीत विजेची हत्यारं आणली. गोल करवत, रंधा, ड्रिल. नवीकोरी, अजून खोक्याचा वास येणारी. लेकीचं, कासुबाचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी आमच्यात बायका जमून नवरीला भांडीकुंडी देतात, नाचतात, चार गोष्टी कानात सांगतात. त्याला सगळे किचन पार्टी म्हणतात. त्या दिवसासाठी सांपा मुक्व्याच्या लाकडाचं कपाट करत होता. मुक्वा ओला असताना कापला तर रक्तासारखा पाझरतो, वाळला की मधासारखा दिसतो.

आमच्याकडे वीज येते-जाते, पाहुणीसारखी. ती आली की सांपाची करवत आधी गायची, आणि मग आम्ही बायका कपडे इस्त्रीला काढायचो.

शेजारचा जेरे कुंपणावरून ओरडायचा, "ए माकडखाऊ! कपाट करतोस की आख्खं जंगल कापतोस?"

"उंदीर शिजवणाऱ्यानं लाकडाच्या गोष्टी करू नयेत!" आतून उत्तर यायचं.

जेरे न्गोनी, सांपा बेम्बा. या दोन जमातींनी एकमेकांची थट्टा करायची असा आजोबांपासूनचा हक्क आहे. मयताच्या घरातसुद्धा तो चालतो.

करवत सांपानं टेबलाखाली उलटी बसवली होती, पातं तेवढं वर. तिचा घोडा बोटानं दाबून धरावा लागतो, पण टेबलाखाली बसून दाबणार कोण? म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी घोड्यावर घट्ट आवळली होती. वीज आली की करवत आपोआप फिरणार. पण त्याची त्याला फिकीर नव्हती, कारण पडवीच्या मुख्य खटक्यावर त्यानं लाकडी पेटी बसवली होती आणि पेटीला तेच खाणीतलं पितळी कुलूप. एक किल्ली गळ्यात. दुसरी, "मी मेलो तर असू दे" म्हणून, बायकोच्या साखरेच्या डब्यात.

त्या दुपारी फळी अर्धी चिरली आणि वीज गेली. सांपानं खटका पाडला, पेटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात सोडली आणि बिजागऱ्या आणायला बाजारात गेला. परतला तरी वीज नव्हती. पात्यापाशी ढलपी अडकली होती. किल्ली गळ्यातच होती, म्हणून पेटीकडे न बघता ती काढायला त्यानं उजवा हात घातला.

तेवढ्यात वीज आली. वीज आली की वस्तीतली पोरं गल्लीगल्लीतून ओरडतात, "आऽऽली!" त्या दिवशीही ओरडली. त्या आनंदात सांपाची किंकाळी कोणाला ऐकू आली नाही.

अंगठा राहिला. बाकीची बोटं गेली.

लोक धावून आले तेव्हा पेटी उघडी होती आणि कुलूप कडीला लोंबत होतं.

"विसरला," सगळे म्हणाले. "वय झालं."

दवाखान्यात जेरे आला, हक्कानं खाटेवर बसला. "बरं झालं. आता मक्याच्या न्शिमाच्या ताटात तुझ्या आधी माझा हात पोचेल."

सांपा हसला नाही. त्यानं बायकोला विचारलं, "बाना कासुबा, दुसरी किल्ली कुठं आहे?"

कासुबा जन्मली तेव्हापासून तिला सगळे असंच म्हणत, बाना कासुबा, कासुबाची आई.

"डब्यात," ती म्हणाली.

डब्यातच होती. पण त्या दुपारी ती डब्यातून बाहेर आली होती. त्याच खटक्यावर घरातला फ्रीजही चालायचा, आणि फ्रीजमध्ये पार्टीच्या कोंबड्या होत्या. वीज आली आणि खटका पडलेलाच राहिला तर कोंबड्या नासतील, म्हणून आईनं लेकीला सांगितलं, जा, पेटी उघडून खटका वर करून ये. कासुबानं केला आणि किल्ली परत साखरेत पुरली. करवतीच्या घोड्यावर आवळलेली पट्टी ना आईला ठाऊक, ना लेकीला.

रक्त पुसताना आईनं लेकीचा दंड धरला. "लग्न होईतो तोंड उघडायचं नाही. बापाचं रक्त सांडलेली नवरी कोण नेईल? मी सांगेन नंतर. मी सांगेन."

हात भरत आला, पण माणूस भरून आला नाही. सांपाचा बाप म्हातारपणी भ्रमला होता. चुलीतलं लाकूड गवती छपरात खोचायचा, शेवटी नदीत सापडला. सांपाला वाटलं, तेच आलं. त्याला स्पष्ट आठवत होतं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात सोडली, ती छातीला गार लागली. आणि पेटी तर उघडी. मग आठवण तरी कसली म्हणायची? उठून दार लावलं की तो परत उठून बघायचा. शेगडीजवळ बसेना. डाव्या हातानं जेवायची लाज, म्हणून बाना कासुबा घास वळून द्यायची आणि तो मान वळवून तोंड उघडायचा. गळ्यातली किल्ली त्यानं काढून खिळ्याला टांगली.

एकदा जेरे कुंपणाशी आला, थट्टा केलीच नाही. म्हणाला, "कसं आहे, भाऊ?"

ती 'भाऊ' हाक ऐकून सांपा जितका घाबरला तितका करवतीलाही घाबरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "लग्न झालं की मला गावाला भावाकडे नेऊन टाक. बांधून ठेवायला सांग. माझ्या हातून हे घर जळेल, तू आत असशील." कासुबा भिंतीपलीकडे पीठ चाळत होती. चाळण थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

किचन पार्टीचा दिवस आला. पुरुषांना आत मज्जाव. सांपा पडवीत, झाकून ठेवलेल्या करवतीजवळ, स्टुलावर बसला. अंगणात ढोल लागले. नवरीला चितेंग्याच्या छापील लुगड्याखाली झाकून चटईवर बसवलं. आमची नवरी या दिवशी मान वर करत नाही, हसत नाही, बोलत नाही. कोणी काही म्हणो, ती खाली बघते. आम्ही गायला लागलो:

पहिला धोंडा माय गं, दुसरा धोंडा बाप,
तिसरा धोंडा तूच पोरी, सोस चुलीचा ताप.
एक धोंडा हलला बाई, भांडं कलंडलं,
सात घरच्या भुकेचं गं अन्न मातीत सांडलं.

चार जणींनी कपाट उचलून आणलं. मधासारखं लाकूड, कडा गुळगुळीत, कप्पे ओळंब्यात. दार मात्र नव्हतं. ते अर्धं चिरून राहिलं होतं.

कासुबाची आत्या कपाटाभोवती फिरली. नवरीला टोचायचा तिचा मानच असतो. "अगं बाई! बिनदाराचं कपाट! माझ्या भावाची बोटं गेली ती गेली, डोकंही गेलं! कुलूप लावायचं विसरणारा बाप, दार लावायचं विसरणारच! पोरी, तू तरी सासरी चूल विझवायला विसरू नको हं, बापावर जाऊ नको!"

बायका हसल्या. हसायचीच रीत आहे. पडवीत स्टूल करकरलं. सांपा उठला असावा.

लुगडं हललं.

आम्हाला वाटलं, रडतेय. रडावंच नवरीनं. पण कासुबा उभी राहिली, लुगडं खांद्यावरून घसरलं, ढोल एकेक करून थांबले. बाना कासुबा धावली, "बस खाली! पोरी, आज नको!" तिनं लेकीच्या तोंडावर हात ठेवला. कासुबानं तो हात धरून हळूच बाजूला केला. तोंड पडवीच्या बोरूच्या कुडाकडे वळवलं, आणि खाणीच्या पाळण्यापाशी ओरडावं तशी ओरडली:

"ताता! कुलूप तुम्ही लावलं होतं! पेटी मी उघडली!"