लाल लाईट पेटलीच न्हाय

मी त्या गाडीतनं सासरी गेले न्हाय, एवढं अख्ख्या शिरोळला ठाऊक हाय. का गेले न्हाय, ते मात्र जो तो आपल्या परीनं रंगवून सांगतोय. कोण म्हणतं पोरीचं डोकं फिरलेलं, कोण म्हणतं हिला मोठी गाडी पायजे होती. म्हणून म्हटलं, एकदा माझ्याच तोंडानं होऊन जाऊ दे.

मी अवंतिका. माहेर कसबा बावडा, सासर शिरोळ. डिप्लोमा केलाय आणि कोल्हापुरात एका सर्व्हिस सेंटरला गाड्यांचं इलेक्ट्रिकल बघते. लग्न ठरताना हे सगळं सासरच्यांना सांगितलेलं. "सूनच मेकॅनिक, मग गॅरेजवाल्याचं नाव कशाला काढायचं!" असं म्हणून माझ्या नवऱ्याचे मामा, विजयसिंह, सगळ्यांत मोठ्यानं हसलेले. त्या घरात मामांशिवाय पान हलत न्हाय, हे मला तवाच कळायला पायजे होतं.

लग्न बावड्यातल्याच कार्यालयात लागलं. जेवणं झाली, फोटो झाले, रडारड झाली. माझे वडील, आबा, चारचौघांत कधी डोळं ओलं करायचे न्हाईत, तेबी खांबाआड जाऊन नाक शिंकरून आले. दारात पांढरी गाडी उभी होती. झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलाबाचा बदाम, काचेवर दोघांची नावं. मामांनी सेकंडहँड घेतलेली, खास लग्नासाठी, पण अशी चकाचक केलेली की शोरूममधनं आत्ता काढलीय असं वाटावं. कॅमेरावाल्याला रील पायजे होतं. नवरदेव गाडी चालवणार, नवरी शेजारी बसून लाजणार.

लाजायचं मला कधी जमलं न्हाय, पण बसले. चुडा सांभाळत, शालू आवरत पुढच्या सीटवर बसले. अमरसिंहनं, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, चावी फिरवली. आणि सवयीनं माझे डोळे मीटरवर गेले.

चावी ऑन केली की मीटरमधल्या सगळ्या लाईटी एकदम पेटतात. त्यात एक बारकी लाल लाईट असते, बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं गोल फुगा. ती एअरबॅगची. ती पेटायलाच पायजे. तेवढ्या पाच-सात सेकंदांत एअरबॅगचं युनिट स्वतःच स्वतःची तपासणी करतं. फुग्यापर्यंतच्या वायरी धड हायत का, बंपरमागचे सेन्सर उत्तर देतात का, बेल्ट आवळणारं यंत्र जाग्यावर हाय का. सगळं ठीक असलं की लाईट विझते. कुठं खोट सापडली की पेटूनच राहते, आणि मग वेळेला फुगा फुगंल याचा भरवसा धरायचा न्हाय. लोकांना वाटतं, लाईट दिसत न्हाय म्हंजे गाडी ठणठणीत. तसं न्हाय. ती आधी पेटली पायजे, मग विझली पायजे.

ही पेटलीच न्हाय.

"अहो, बंद करा जरा," मी म्हटलं. "आता परत चालू करा."

ऑईलची पेटली, बॅटरीची पेटली, हँडब्रेकची पेटली. एअरबॅगच्या जागी काळोख. मी अमरसिंहकडं बघितलं, तर तो समोरच्या झेंडूकडं बघत होता.

"एअरबॅगची लाईट कुणी काढली हो ह्यातली?"

तो काय बोलायच्या आत मामा खिडकीशी आले. "ती व्हय? लई पिरपिर करत हुती. सारखी आपली पेटलेली. बाजारातल्या एका पोराला सांगून मारून टाकली. आता कशी गप हाय बघ!"

मारून टाकली, आणि वर शाबासकी पायजे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाचा दिवस, अंगावर हळद, पण मी दार उघडून खाली उतरले.

"वसीम!" मी हाक मारली. वसीम आमच्या सर्व्हिस सेंटरचा, माझ्या शेजारीच गाड्या दुरुस्त करतो. बायकोला घेऊन लग्नाला आलता. "स्कॅनर हाय का रे?"

"डिकीत हाय की, ताई. पण आज?"

"आजच."

त्यानं स्कॅनर आणला. शालूचा पदर कमरेला खोचून मी स्टेअरिंगखाली वाकले आणि स्कॅनरची पिन लावली. कॅमेरावाला अजून शूटिंग करत होता, मी म्हटलं कर बाबा, हेबी कर. स्क्रीनवर एकाखाली एक फॉल्ट यायला लागले. वसीमनं वाचलं आणि आवाज बारीक करून म्हटला, "ताई, ही गाडी कुठंतरी चांगलीच ठोकलेली हाय. युनिटमध्ये क्रॅश नोंदलाय. दोन्ही फुगे उडून गेलेत."

मी माझ्या सीटपुढच्या डॅशबोर्डवर बोटं मारून बघितली. फुगा जिथं असतो तिथलं झाकण कापून परत चिकटवलेलं होतं, आणि जोड झाकायला वर पितळी गणपती बसवलेला. आत काय न्हाय. नुसती पोकळी.

"आवं, खड्ड्यात बिड्ड्यात आपटली असंल कुठं," मामा म्हटले.

"खड्ड्यानं फुगा उडत न्हाय, मामा. खड्डा कुठला, स्पीडब्रेकर कुठला आणि टक्कर कुठली, हे त्या युनिटला कळतं. पळती गाडी एका झटक्यात थांबली की आतलं माणूस पुढं फेकलं जातं का न्हाय? तो झटका सेन्सर मोजतात. झटका तेवढा दांडगा असला तरच युनिट फुगा सोडतं, आणि तेबी तुमची पापणी लवायच्या आत. ह्या गाडीनं एकदा तसा झटका खाल्लाय. तुमच्या आधी."

आता गर्दी जमायला लागली. सासूबाई पुढं आल्या. "पयल्याच दिवशी हे काय, अवंतिका? देवाचं नाव घे आणि बस बघू."

"देवाचं नाव घेतलंच हाय, आत्या. देवालाच पुढं चिकटवून ठेवलाय की तुमी, भोक झाकायला."

बोलले ते बोलले. मागं घ्यायचं माझ्या मनात आलं न्हाय, अजूनबी येत न्हाय.

मामांचा पारा चढला. "एस्टीत हाय व्हय एअरबॅग? वडापच्या जीपमध्ये हाय? एवढी वर्सं काय विमानानं हिंडत हुतीस?"

"न्हाय की एस्टीत. पण एस्टी सांगत न्हाय, माझ्यात हाय म्हणून! जिच्यात फुगा न्हाय, तिच्यात तो न्हाय हे धरूनच मी बसते. तुमी असल्याचं सोंग आणून मला बसवताय. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एकीला मागं दिवा न्हाय. उद्या काय झालं तर फुगा हाय असं समजून मी मरायचं?"

आणि मग जे बोलायचं नव्हतं तेबी बोलले. "मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं क्रेनवरनं एक गाडी आली. लाईट अशीच मारलेली. पुढच्या सीटवर हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या. त्या मी वेचल्यात, मामा. ह्या हातानं."

राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हातात चुडा वाजत होता आणि मला त्या काचाच दिसत होत्या.

आबा जवळ आले. मला वाटलं, आता आबा माझ्या बाजूनं बोलणार. ते म्हटले, "पोरी, बस की. लोकं बघत्यात."

तेवढं मात्र लागलं. "बघू देत की, आबा. गाडीत बसायच्या आधी ती चारी बाजूंनी बघायला तुमीच शिकवलंय मला. आता मलाच डोळं झाक म्हणताय?"

आबांनी मामांकडं बघितलं. मग गाडीकडं. मग डिकी उघडली, माझी बॅग काढली आणि खांद्यावर टाकली. "वऱ्हाडाच्या बसमध्ये ठेवतो," ते म्हटले आणि चालायला लागले.

"अमऱ्या," मामा गरजले, "गाडी काढ तू. तिला येऊ दे बसमधनं, बाजार करून आल्यागत."

अमरसिंह इतका वेळ स्टेअरिंग धरून बसलेला. तो उतरला, चावी मामांच्या हातात दिली. "मामा, तुमी बी बसू नगासा तिच्यात," एवढंच म्हटला आणि माझ्यामागनं बसमध्ये चढला. झेंडू घातलेली गाडी कार्यालयाच्या दारातच राहिली.

बसमध्ये बायका भडाभडा बोलत होत्या. आमी चढलो तशा गप झाल्या. खिडकीची सीट मला दिली. मुंडावळ्या सोडून मी मांडीवर ठेवल्या. बस हातकणंगल्याच्या पुढं येईस्तोवर अमरसिंहनं तोंड उघडलं न्हाय. मलाबी वाटलं, चढला बाबा माझ्यासोबत, बास झालं. खरं सांगायचं तर आतनं बरं वाटत होतं. चांगलं माणूस मिळालं म्हणून.

तेवढ्यात तो म्हटला, "मला ठाऊक होतं, लाईट मारल्याचं. मी तिथंच उभा होतो."

"वाटलंच मला."

"अजून एक हाय." "माझी नोकरी दिवाळीतच गेलीय. कंपनीनं आमची अख्खी शिफ्ट बंद केली. मामा म्हटले, लग्न होईस्तोवर गप बसायचं."

बसचा हॉर्न, पोरांचा दंगा, सगळं चालूच होतं. दिवाळीनंतर हा मला किती वेळा भेटलेला! रंकाळ्यावर बसून भेळ खाल्लेली. "काम कसं चाललंय?" असं दर वेळी मी विचारलेलं, आणि "मजेत" असं दर वेळी त्यानं सांगितलेलं.

"नोकरी गेली तर दुसरी मिळंल," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. "पण तू मला सांगितलं न्हाईस. सगळ्या घरानं मिळून सांगितलं न्हाय. एवढ्या माणसांतनं एकालाबी वाटलं न्हाय, ह्या पोरीला सांगावं?"

"चुकलं."

"मला नको सांगू चुकलं. आबांना फोन लाव. आत्ता. स्पीकरवर."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"लपवलं ते सगळ्यांनीच न्हवं? ऐकू दे सगळ्यांना."

पुढच्या सीटवरनं सासूबाई वळल्या, "अगं, घरी गेल्यावर..." म्हणाल्या. पण तवर त्यानं फोन लावलेला. आबांनी पहिल्याच रिंगला उचलला, फोन हातातच धरून बसले असणार.

"आबा, मी अमरसिंह. माझी नोकरी दिवाळीलाच गेलीय. तुमच्यापासनं लपवून लग्न केलं."

बसमधल्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

"जावई," आबा म्हटले, "हे आधी सांगितलं असतं, तर मी पोरगी दिली असती का न्हाई, कुणास ठाऊक. बहुतेक दिली असती. पण ते ठरवायचं माझं आणि तिचं हुतं. ते तुमी काढून घेतलंसा."

अमरसिंहनं मान हलवली, जसं काय आबांना दिसणार होती.

"अवंतिका कुठं हाय?"

"हितंच हाय, आबा."

"उतरायचं असलं तर सांग. मी आत्ता येतो न्यायला. लोकांचं मी बघून घेतो."

दुपारी ज्या माणसाला लोकं बघत्यात म्हणून घाम फुटलेला, तो हे म्हणत होता. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंबी न्हाय. मी अमरसिंहकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं, पण ह्या वेळी त्यानं नजर फिरवली न्हाय. माझ्याकडंच बघत होता.

"आज उतरत न्हाय, आबा," मी म्हटलं. "पण आपल्या घराच्या दाराला आतनं कडी लावू नगासा."

ते सासूबाईंनी ऐकलं, बसमधल्या बायकांनी ऐकलं, त्यानंबी ऐकलं. ऐकू दे की.