न वाळलेला पाय

ताईने दुसरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला, आणि परत पहिलीच काढून पाहिली. दोन्ही वेळा तेच दिसलं. औषध दिलेल्या उंदराचा पाय चांगला गुबगुबीत राहिला होता, पण पुन्हा वाढत आलेला मज्जातंतू स्नायूच्या दाराशी येऊन नुसता थांबला होता. औषध न दिलेल्याचा पाय वाळून काडी झालेला, आणि त्यात मात्र तंतू ठिकठिकाणी जोडला गेला होता.

गेलं वर्षभर सगळी प्रयोगशाळा या औषधावर खूश होती. मज्जातंतू तुटला, वरून निरोप येईनासे झाले, की स्नायूच्या पेशीत एक प्रथिन जागं होतं आणि स्नायू आपलंच मांस मोडून खाऊ लागतो. औषध त्या प्रथिनाचं तोंड बंद करत होतं. तेच तोंड तंतूला हाकही मारत असतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता हे घरी सांगायचं होतं. तिचा धाकटा भाऊ सुतार. अंगापिंडाने असा भक्कम, की घरात त्याला पैलवानच म्हणत. शिडीवरून पडला आणि उजव्या दंडाकडे जाणारा तंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, पण तो वाढणार गोगलगायीच्या चालीने, आणि तोवर दंड टिकला नाही तर रंधा कायमचा सुटला. पैलवान मात्र कोणीही विचारलं तरी "मजेत" म्हणून हसायचा. आईलाही हेच उत्तर. भेटायला आलेल्यांना तर उलट तोच धीर द्यायचा. फक्त ताईला त्याने आडून आडून विचारलं होतं, ते औषध आपल्या वाट्याला येईल का. निकाल लागू दे, म्हणत तिनेही त्याला आशेवर ठेवलं होतं.

संध्याकाळी खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. त्याच्या तोंडचा घास आपणच काढून घेतोय, असं तिला वाटलं.

पैलवान डाव्या हाताने उजवा दंड चाचपू लागला.

"म्हणजे जो धट्टाकट्टा राहिला, त्याच्याकडे तंतू फिरकलाच नाही?"

"फिरकला रे. स्नायूनेच त्याला आत घेतलं नाही."

"आणि ज्याने बोंब मारली, त्याला मिळाला."

"उंदरात तरी. तुझ्या हाताचं मी काहीच सांगू शकत नाही."

त्याने मान हलवली. रुसला नाही, चिडलाही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने रोजच्यासारखं विचारलं, हात कसा आहे आज. त्याने हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आई," तो म्हणाला, "फार दुखतं गं. पडल्यापासून दुखतंय."

आई हात न पुसताच बाहेर आली.