ऐकू येणारा फुटबॉल

मी बोलतोय. विश्वास नसेल तर मला हातात घेऊन जरा हलवा. आमच्या घराण्यातले बाकीचे फुटबॉल लाथ बसली तरच धप्प करतात. मी नुसता कुशीवर वळलो तरी खुळखुळतो. हे असं का, हा प्रश्न मला जन्मल्यापासून पडला होता आणि त्याचं उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला.

माझा जन्म शिवणकामाच्या एका लांबट खोलीत झाला. शिवणारी बाई गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून बसायची, मेण लावलेल्या दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, आणि एक एक तुकडा जोडत जायची. माझ्या वेळी तिनं एक निराळंच काम केलं. आतल्या रबरी फुग्याच्या आणि वरच्या कातड्याच्या मध्ये तिनं चपट्या डब्या बसवल्या. डबीत धातूचे बारीक गोळे. प्रत्येक डबी ती कानाशी नेऊन हलवून बघायची.

"काय गं, खडे भरतेस की काय आत?" शेजारणीनं विचारलं.

"गिऱ्हाईकानं तसंच सांगितलंय."

"खुळखुळा असेल बाळाचा."

"एवढा? बाळ केवढं असेल गं ते!"

दोघी इतक्या हसल्या की टाका चुकला. तो उसवून तिला पुन्हा घालावा लागला. मी मात्र विचारात पडलो. खरंच, मी कुणासाठी?

गोदामात काचेच्या कपाटात एक म्हातारा चामडी चेंडू शोभेला ठेवलेला होता. त्याला मी विचारून विचारून हैराण केलं. तो म्हणाला, "माझ्या आजोबांच्या आत जनावराच्या मूत्राशयाचा फुगा असायचा. आम्हाला तोंड होतं, वादीनं आवळलेलं. डोक्यानं मारणाऱ्याच्या कपाळावर त्या वादीचा वण उठायचा. पावसात पाणी पिऊन मी असा जड व्हायचो की मारणारा लंगडत घरी जायचा. आणि त्याच्याही आधी म्हणे प्रत्येक गावाचा नियम वेगळा. कुणी उचलून पळायचा, कुणी लाथ मारायचा, कुणी चेंडू सोडून माणसालाच. शेवटी चार माणसं बसली, भरपूर भांडली आणि ठरलं, की हात लावायचा तो फक्त गोलकीपरनं."

"आणि मी खुळखुळतो का?"

म्हाताऱ्यानं बराच वेळ विचार केला. "पोट बिघडलं असेल," तो म्हणाला.

मला विकत घेतलं ते एका क्लबच्या सरांनी. त्यांनी मला पिशवीतून मैदानावर काढलं तेव्हा मी पाहिलं, की मैदान लहानसंच आहे आणि दोन्ही लांब बाजूंना कमरेएवढा कठडा आहे. आणि प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी. फक्त गोलकीपर उघड्या डोळ्यांचा. या माणसांना दिसत नव्हतं. कुणाला अंधुक उजेड कळत असेल, तर त्याला जास्तीचा फायदा नको म्हणून पट्टी सगळ्यांनाच. ते मला कानांनी बघणार होते! माझं कोडं त्या क्षणी सुटलं, आणि लगेच पन्नास नवी कोडी तयार झाली. हे एकमेकांवर आपटत नाहीत? गोल कुठे आहे हे यांना कसं कळतं?

पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. माझ्याकडे धावणाऱ्यानं मोठ्यानं "व्हॉय!" म्हणायचं, म्हणजे 'आलो, सांभाळ'. न ओरडता आला तर फाउल. तरी आपटतात ते आपटतातच.

मग एक दिवस एक वेल्डर आला. कारखान्यात टाकी फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. त्याआधी तो कारखान्याच्या संघातून डाव्या बगलेवरून खेळायचा आणि वाऱ्यासारखा पळायचा म्हणे. त्याची मोठी बहीण, ताई, त्याचं मनगट घट्ट धरून त्याला फाटकातून घेऊन आली.

त्यानं बुटाच्या टोकानं मला डिवचलं. "हा तर खुळखुळा आहे. मी काय पाळण्यात आहे?"

"आधी पायाखाली थांबवून दाखव," सर म्हणाले आणि त्यांनी मला हलकेच सोडलं.

त्यानं पाय टाकला तो हवेतच. मी बाजूनं निघून गेलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो माझ्यावरच पाय ठेवून घसरला आणि बदकन बसला. आता हा उठून घरी जाणार, असं मला वाटलं. त्यानं हातांची माती झटकली. मग म्हणाला, "परत सोडा."

त्यानंतर तो रोज आला. तळव्यानं मला दाबून थांबवायचं. दोन पायांच्या मध्ये टकटक, टकटक करत मला न्यायचं, म्हणजे आवाज तुटत नाही. पास द्यायचा तो पावलाच्या आतल्या बाजूनं आणि जमिनीलगत. उंच उडवायची त्याची जुनी खोड होती. हवेत मी जवळजवळ मुका होतो, मग सगळा संघ माना वर करून उभा! सर ओरडायचे, "अरे, तो पक्षी नाही, जमिनीवर ठेव त्याला!"

गोल कुठे आहे हे सांगायला समोरच्या जाळीमागे एक वाटाड्या उभा असतो. आमचा वाटाड्या गाव सोडून गेला, आणि सरांनी ताईला फाटकावरून भावाला हाक मारताना ऐकलं.

"ताई, तुमचा आवाज काय खणखणीत आहे!"

"लोक भसाडा म्हणतात," ताई म्हणाली.

अशी ती जाळीमागे उभी राहिली. पेनल्टीच्या आधी ती चमच्यानं दोन्ही खांब टणटण वाजवून दाखवी, की त्यांच्या मधली जागा गोलाची. ते तिला छान जमायचं. पण भाऊ मला घेऊन निघाला आणि समोरून कुणी आलं, की तिच्या तोंडून निघायचं, "थांब! अरे लागेल!" आणि तो थांबायचा. दर वेळी. मी पुढे घरंगळत दुसऱ्याच्या पायात.

सरावासाठी तो मला घरी घेऊन जायचा, म्हणून पुढचं मी टेबलाखालून ऐकलं. त्यानं चहाची किटली उचलली आणि ताईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"भाजेल."

"ताई, वेल्डर होतो मी. आयुष्यभर आगीशीच खेळलो."

"म्हणूनच तर!" ताई बोलून गेली.

माझ्या डोक्यावर टेबलावर किटली ठेवल्याची ठक झाली. माणसं मनाला लागेल असं बोलून गेल्यावर इतकी शांत का होतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी तोच म्हणाला, "तुझं ऐकायची सवय आहे मला, लहानपणापासून. तू थांब म्हणालीस की पाय आपोआप थांबतात. मग चेंडू कुणी न्यायचा?"

दुसऱ्या दिवशी ताई सरांकडे गेली. "मला काढा. माझ्याच्यानं बघवत नाही."

"माणूस कुठून येतोय ते सांगू नका. गोल कुठे आहे तेवढंच सांगा."

"आणि धडकला तर?"

"तर लागेल त्याला."

"तुमचा भाऊ नाही तो."

"नाही ना. माझ्या आवाजावर तो इतका आंधळा विश्वास ठेवणार नाही," सर म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन ओशाळले. ताईला हसू फुटलं. ती वाटाड्या म्हणून राहिली.

स्पर्धेतला उपांत्य सामना आला. प्रेक्षक भरपूर होते आणि सगळे चिडीचूप, कारण मी ऐकू यायला हवा. गोलफलक शून्य-शून्य. वेळ संपत आली होती. कठड्यावर आपटून मी परत आलो तो वेल्डरच्या पायात. त्यानं मला दोन पावलांत घेतलं आणि सुटला. एकाला चुकवलं. "व्हॉय! व्हॉय!" डावीकडून एक धिप्पाड बचावपटू डोकं खाली घालून येत होता. ताईला तो दिसत होता. तिची बोटं जाळीत रुतली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सहा मीटर! थोडा उजवीकडे! समोर मोकळं आहे, मार!"

त्यानं मारलं. मी उडालो आणि मागे हाडावर हाड आदळल्याचा आवाज ऐकला. मी वरच्या कोपऱ्यात शिरणार इतक्यात समोरच्या गोलकीपरनं अशी झेप घेतली की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. त्याच्या बोटांची टोकं लागली आणि मी खांबावरून बाहेर गेलो.

वेल्डर आडवा पडला होता. ओठ फुटला होता. ताई जाळीमागून हलली नाही, नियमानं तिला आत जाता येत नव्हतं.

"ताई, कुठे गेला?"

"कीपरनं काढला. वरच्या कोपऱ्यातला."

"वरच्या कोपऱ्यातला?" त्याच्या लाल दातांतून हसू बाहेर पडलं. "म्हणजे चांगला होता?"

"फार चांगला होता रे," ताई म्हणाली, आणि त्या खणखणीत आवाजाला तडा गेला.

आम्ही पेनल्टीवर हरलो. घरी परतताना तिनं त्याचं मनगट धरलं नाही. त्यानं तिचं कोपर धरलं आणि दोघं रस्ताभर त्या एका फटक्याबद्दलच बोलत राहिली.

आता माझं कातडं पोपडलंय. दोन डब्या कधीच्या मुक्या झाल्यात. सामन्यासाठी नवा चेंडू आलाय आणि मी नवख्यांच्या सरावाला असतो. यंदाच्या स्पर्धेत मी कठड्याबाहेर पिशवीत होतो. मला काही दिसत नव्हतं. दूरवरून नव्या चेंडूची खुळखुळ ऐकू आली. कुणी "व्हॉय" ओरडलं. मग ताई, "पाच मीटर, सरळ, मार!" नंतर अगदी काही नाही. आणि मग सगळे प्रेक्षक एकदम ओरडले.

त्यातही ताईचा आवाज मला वेगळा ओळखू आला. पण वेल्डरनं कोणत्या पायानं मारला, कोणत्या कोपऱ्यात गेला, हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी तिथे होतं का? असाल तर येऊन सांगून जा. आणि पुढच्या वेळी बघायला आलात, तर चेंडू पळतोय तोवर गप्प बसा. गोल झाल्यावर मात्र अजिबात गप्प राहू नका.