तिसऱ्यांदा पहिला घाव

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे. कुदळीने जांभा खणून दमावे, दगडाशी झुंजून दमावे. तशी दमले असते तर माझी काही तक्रार नव्हती. मी दमले ती हळदीकुंकवाने, फुलांनी आणि टाळ्यांनी. बसा जरा, सांगते.

माझा जन्म लोहाराच्या भात्यासमोर झाला. ठिणग्या उडत होत्या आणि पाठीवर घणाचे घाव पडत होते. पण लोहार म्हणाला, "आता हिका जांभ्याचो चिरोसुदा भियात," आणि मी मनातल्या मनात ताठ झाले. कुडाळच्या आठवडा बाजारात, ज्याची ही गोष्ट त्या जितूच्या वडिलांनी मला उचलले, बोटाने धार पाहिली, खैराचा दांडा बसवला आणि घरी आणले. पुढची कित्येक वर्षे मी त्यांच्या बागेत राबले. माडांना आळी केली, पाटाला वाट काढली, आंब्याच्या कलमांसाठी खड्डे घेतले. संध्याकाळी मला धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात फिरवून पडवीत ठेवत. कोणी माझे कौतुक केले नाही, पण कोणी मला उघड्यावरही टाकले नाही.

मग आमच्या गावाची नगरपंचायत झाली. खाडीपलीकडच्या वाड्याही तिच्यात आल्या. निवडणूक झाली आणि आमचा जितू नगराध्यक्ष झाला. गावाने त्याला जितेंद्रभाऊ म्हणायला सुरुवात केली. मी मात्र त्याला जितूच म्हणते. ज्याच्या अंगणातला चिखल आपण खाल्ला, त्याला भाऊ-साहेब काय म्हणायचे!

त्याचे पहिले काम होते मासळी बाजारातल्या गटाराचे. मंडप घातला, भटजी आले, नारळ आला आणि ऐन वेळी लक्षात आले की कुदळच आणायची राहिली. जितूने घरी माणूस धाडला. अशी मी त्या मांडवात पोचले, दांड्याला सकाळची माती तशीच. जितूने पहिला घाव घातला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. रिवाजाप्रमाणे माझे काम तिथे संपायला हवे होते. पण समोर घाण पाणी तुंबले होते आणि जितू बागेत वाढलेला माणूस. त्याने दुसरा घाव घातला, तिसरा घातला आणि खणतच राहिला.

"जितू, सदरो खराब होतलो मरे!" मासेवाली सुगंधा ओरडली.

"होवंदे गो काकी," तो म्हणाला आणि पाणी वाहते करूनच थांबला.

ते गटार पावसाआधी पुरे झाले. बाजारातली दुर्गंधी गेली. त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी आनंदात नव्हते.

पण माणसांना एखादी गोष्ट लाभली की ती लगेच तिची पूजा करू लागतात. "हीच कुदळ साहेबांना लाभते," असे कोणीतरी म्हणाले आणि माझे नशीब फिरले. मला सोनेरी रंग दिला. दांड्याला लाल फीत बांधली. बागेतून मी सुटले आणि मखमलीच्या कापडात गुंडाळून जितूच्या गाडीत गेले. आता मला खणायचे नव्हते. फक्त पहिला घाव घालायचा. दुसरा घाव घालणारे वेगळे असतात, असे मला सांगण्यात आले. ते कधी येत, कधी येतही नसत.

पुढे पोटनिवडणुकीत जितू आमदारही झाला. मित्रांनो, तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. नगराध्यक्षाने आपल्या गावाचे पाणी, दिवे, गटारे बघायची असतात. आमदाराने मुंबईला आणि नागपूरला जाऊन साऱ्या मुलखाचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडायचे असते. दोन्ही कामे चांगली, पण दोन्ही पूर्ण दिवसाची. जितूने एकही सोडले नाही. लोकांना त्याचा अभिमान वाटला. मलाही वाटला, खोटे कशाला बोलू? मंगळवारी तो नगरपंचायतीत बसे, शुक्रवारी आमदार म्हणून संपर्क कार्यालयात, मधल्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, बैठका आणि मुंबईच्या खेपा. लाभाची वस्तू म्हणून मला दोन्हीकडे त्याच्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात उभे करत. दोन डगरींवर पाय ठेवून माणूस किती दिवस उभा राहणार? त्याचे डोळे तांबारलेले असत आणि समोरच्याचे बोलणे अर्धे ऐकून तो मान हलवी.

आता खारवाडीचे सांगते, कारण माझे सारे दुखणे तिथले आहे. खारवाडी खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यापलीकडे. ओहोटीला गुडघाभर पाणी, भरतीला माणूस बुडेल इतके. चिखल असा की होडी लागत नाही. दुसरी वाट टेकडीवरून, पण तिथे रिक्षा चढत नाही आणि त्या उभ्या चढणीवरून आजाऱ्याची खुर्ची नेणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या वाडीत एस्पेरांसाबाई राहतात. त्यांनी जितूला चौथीत शिकवले. त्यांचे यजमान जासिंतबाब बोटीवर नोकरी करून आलेले, मोठे गमतीदार गृहस्थ. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ओरोसच्या रुग्णालयात जाणे नशिबी आले. वाडीतली चार माणसे त्यांना खुर्चीत बसवून ओहोटीच्या वेळी फाटा ओलांडून आणत. पाण्याने साथ दिली नाही तर खेप चुके, आणि खेप चुकली की त्यांचे पाय सुजत, श्वास कोंडे. त्यांना जगायचे तर तिथे साकव, म्हणजे छोटा पूल, हवा होता. एवढीच मागणी होती.

जितू नुसता नगराध्यक्ष असताना त्या साकवासाठी मी पहिला घाव घातला. काम झाले नाही. तो आमदार झाल्यावर त्याच जागी मी पुन्हा पहिला घाव घातला. तरी झाले नाही.

एका मंगळवारी बाई नगरपंचायतीत आल्या. "जितू, साकवाचा काय झाला रे?"

कचेरीत जितू पुस्तकी बोले. "बाई, प्रस्ताव आमदार निधीसाठी पाठवलाय. तिकडून मंजुरी आली की लगेच सुरू करू."

शुक्रवारी बाई संपर्क कार्यालयात आल्या. जितू म्हणाला, "बाई, नगरपंचायतीचा ठराव आल्याशिवाय मला निधी देता येत नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अरे, थंयसर तूच, हंयसरय तूच. मगे तू तुझ्याकडे एकदा बोल मरे!"

कार्यालय हसले. जितूही हसला आणि म्हणाला, "बोलतंय बाई, नक्की बोलतंय." त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण नगराध्यक्षाला वेळ असे तेव्हा आमदार मुंबईत असे आणि आमदार मोकळा झाला की नगराध्यक्षाची सभा असे. त्या दोघांची गाठ काही पडली नाही.

विधानसभेची निवडणूक जवळ आली आणि मला तिसऱ्यांदा त्याच जागी नेण्यात आले. मंडप नेमका त्या उतारावर घातला होता, जिथून जासिंतबाबांची खुर्ची वर चढे. त्या दिवशी त्यांची ओरोसची खेप होती. सकाळी ओहोटीला खुर्ची निघाली, तेव्हा कार्यकर्त्यांनी हात दाखवून पलीकडेच थांबवले. साहेब इतक्यात येतील, मंडपातली मांडणी मोडू नका, म्हणाले. साहेब मुंबईहून निघाले होते. ऊन चढले. साहेब घाटात होते. पाणी चढू लागले. साहेब आले तेव्हा फाटा काठोकाठ भरला होता.

आमच्याकडे कुठलेही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गावकर देवाला हाक मारून मागणे सांगतो आणि प्रत्येक मागण्याला सारा जमाव 'होय म्हाराजा' म्हणून आपला शब्द जोडतो. मानाचे गावकर हरिश्चंद्र पुढे झाले, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या जा काय साकवाचा काम हाती घेतलला आसा, ता पुरा करून घे रे म्हाराजा!"

कोणीच काही म्हणाले नाही. मंडपाची झालर फडफडत होती, तेवढाच आवाज. हरिश्चंद्रांनी मागे वळून पाहिले, पुन्हा तेच म्हटले. पुन्हा तीच शांतता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी शेकडो गाऱ्हाणी ऐकली, पण 'होय म्हाराजा' न म्हणणारा गाव मी तेव्हाच पाहिला. माझ्या अंगावरचे फूल घसरून खाली पडले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हरिश्चंद्र जितूकडे वळले. "साहेबानू, गाऱ्हाण्यात नाव कोणाचा घेव? पयल्या खेपेक नगराध्यक्षाचा घेतलंय, दुसऱ्या खेपेक आमदाराचा. काम कोणीच करूक नाय. आता देवान धरूचा कोणाक?"

जितू मान खाली घालून माझ्या दांड्यावरची फीत सारखी करू लागला. तेवढ्यात पाण्यापलीकडून बाईंचा आवाज आला.

"हरिश्चंद्रा, जितूचा नाव घाल! ते दोगव माका शोदूनय कधीच गावणत नाय!"

जितूने मान वर केली आणि तेव्हा कुठे त्याला पलीकडचा काठ दिसला. खुर्चीत जासिंतबाब बसले होते, मान एका बाजूला कललेली. शेजारी बाई छत्री धरून उभ्या होत्या.

"हे कधीपासून बसलेत?" त्याने विचारले.

"ओहोटी होती तेव्हापासून," हरिश्चंद्र म्हणाले. "तुमचो मांडव वाटेत इलो."

जितूने मला हातातून सोडले. मी चिखलात पडले. तो टेकडीच्या वाटेने धावत सुटला, पांढऱ्या कपड्यांसकट, पन्नाशीच्या गुडघ्यांसकट. थोड्या वेळाने टेकडीवरून खुर्ची येताना दिसली आणि तिचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता. त्याने जासिंतबाबांना आपल्याच गाडीत घातले आणि ओरोसला नेले. तिथे त्यांचा नंबर टळून गेला होता. संध्याकाळपर्यंत बसावे लागले, पण जीव वाचला. मंडप कोणी उतरवला ते मी पाहिले नाही. मी तशीच चिखलात होते.

मला उचलले ते बाईंनी, ओरोसहून परतताना. घरी नेऊन धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी जितू टेकडी उतरून त्यांच्या दारात आला. आधी त्याने जासिंतबाबांची विचारपूस केली. मग कचरत माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या एका गावात मंडप तयार होता आणि लाभाच्या कुदळीशिवाय पहिला घाव घालायला त्याचे मन धजत नव्हते.

"कुदळ होई? घे," बाई म्हणाल्या. "पण साकवाच्या खांबाचो खड्डो पुरो होयसर खणूक होयो. एक घाव घालून जावचा नाय."

"बाई, थंय लोक वाट बघतत."

"जासिंतय बघता."

जितूने फोन खिशात टाकला. मग त्याने बाह्या सारल्या, मला खांद्यावर घेतले आणि काठावर जाऊन खणू लागला. वाळू निघाली, चिखल निघाला, खाली जांभा लागला. खिशातला फोन वाजत राहिला. किती वर्षांनी माझ्या तोंडाला खरी माती लागली! सोनेरी रंगाचे पापुद्रे उडाले, फीत तुटून वाहून गेली. जितूच्या हाताला फोड आले. वाडीतली माणसे आधी लांबून बघत होती, मग पहारी आणि फावडी घेऊन उतरली. तुम्ही म्हणाल, एका खड्ड्याने काय होते? होते. नगराध्यक्ष आणि आमदार यांची पहिली भेट त्या खड्ड्यात झाली. त्याच आठवड्यात ठराव झाला, निधी मिळाला, ठेकेदार आला. जितू रोज सकाळी येऊन उभा राही, म्हणून ठेकेदारही रोज येई.

तो साकव झाला. जितू मात्र निवडणूक हरला. "एका साकवासाठी अख्खो मुलूख वाऱ्यावर सोडल्यान," असे विरोधकांनी गावोगाव सांगितले आणि त्यात थोडे तथ्यही होते. ज्या गावांत मंडप घालून तो गेला नाही, त्या गावांनी मते दिली नाहीत. पुढे नगराध्यक्षपदाची मुदतही संपली. गाडी गेली, माणसे पांगली. मला न्यायला कोणी आले नाही. बाईंच्या परसात मी पुन्हा माडांना आळी करू लागले. पण बाई म्हाताऱ्या, जासिंतबाब आजारी. माझा दांडा वाळून ढिला झाला, अंगाला गंज धरू लागला.

परवा जितू आला. साकवावरून एकटा चालत आला. केस पांढरे झाले होते. बाईंनी भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी पुढे ठेवली. जेवण झाल्यावर त्याला मी दिसले. त्याने मला उचलून हलवून पाहिले, कोयत्याने फणसाच्या लाकडाची पाचर काढली आणि दांड्यात ठोकून बसवली. मग खोबरेलात फडके बुडवून माझे सारे अंग पुसले. इतक्या वर्षांत किती जणांनी मला कुंकू लावले, पण पाचर मारायचे कोणाला सुचले नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मला ओवाळू नका. मला वापरा, धुवा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. तुमच्या गावाच्या विहिरीला, शाळेला, रस्त्याला आणि तुम्ही निवडून दिलेल्या माणसालाही तसेच वागवा. पहिल्या घावाला टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. शेवटचा घाव पडेपर्यंत काठावर उभे राहा आणि विचारत राहा. बाईंच्या जोडीने साऱ्या गावाने तेवढे आधीच केले असते, तर जितूही इतका थकला नसता आणि मीही नाही.

तेल लावून झाल्यावर जितूने मला भिंतीला टेकवले. जासिंतबाब ओसरीवरून त्याच्याकडे बघत होते.

"जितू, आता काय करतलस रे?"

"काय म्हायत नाय, बाब. दमलंय."

"मगे बस मरे. आता पाणी बघून उठूक नको. साकव आसा, घराक कधीव जाशीत."

खाली फाट्यात भरती चढत होती. जितूने चपला काढल्या आणि तो ओसरीवर बसला.