भिंतीपलीकडची झोप

माझा पाय एका जागी ठरत नाही, असं आई म्हणते. त्या आठवड्यात हातही ठरत नव्हते. रविवारी क्लबच्या लॅक्रॉस संघाची निवड होती आणि कोचबाईंनी मला तोंडावर सांगून टाकलं होतं, "तुझं झेलणं उत्तम, पास उत्तम. पण गोलवरचा फटका म्हणजे कुणी दारावर टकटक करावी तसा. तो घेऊन पुढच्या फळीत येऊ नकोस."

मला असा राग आला! शाळेत असल्यापासून मी रोज दुपारी घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत होते. काठीच्या टोकाला जाळीचा खिसा असतो. त्यातून चेंडू भिंतीवर सोडायचा, परत आला की त्याच खिशात झेलायचा, आधी उजव्या बाजूने, मग डाव्या. डावी बाजू मी इतकी घोटली होती की पोरी मला 'डबल इंजिन' म्हणायच्या. आणि या बाई म्हणतात टकटक.

"पुन्हा मार," बाई म्हणाल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी मारला.

"कंबर बरोबर वळते. हात अंगापासून लांब, तेही ठीक. पण चेंडू सुटताना काठी आवरतेस. का गं?"

"नाही आवरत."

"आवरतेस. तिकडे कुणी झोपलंय का?"

त्यांनी चेष्टाच केली होती, पण ते खरंच होतं. बाबा छापखान्यात रात्रपाळीला असतात. दिवसा झोपतात, आणि त्यांची खाट नेमकी त्याच भिंतीला लागून आहे. लहानपणी आईने एकदाच डोळे वटारले होते. तेव्हापासून माझा चेंडू भिंतीला नुसता शिवून परत यायचा. आवाज न करता मारण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मी हे सांगितल्यावर बाई हसल्या नाहीत. "दुसरी भिंत शोध," म्हणाल्या. "काठीचं टोक शेवटी गोलकडे गेलंच पाहिजे. दणका ऐकू येईल असं मार."

भिंत शोधणं सोपं वाटतं. गोदामामागून रखवालदाराने हाकललं. शाळेच्या भिंतीला नुकताच रंग दिला होता. एका बंद दुकानाच्या शटरवर एकच चेंडू मारला, तर वरच्या मजल्यावरच्या आजींनी माझा असा उद्धार केला की पुढचं ऐकायला मी थांबले नाही. काठी खांद्यावर टाकून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जेवणात लक्ष नव्हतं, झोप लागत नव्हती, आईवर उगाचच डाफरत होते.

शनिवारी दुपारी माझा धीर सुटला. घरामागे गेले आणि मारला. काठी शेवटपर्यंत गेली, भिंत दणाणली. चेंडू इतक्या वेगाने परत आला की झेलताना मी मागे सरकले. आणखी एक मारला. मग आणखी एक. वाईट वाटत होतं, पण थांबवत नव्हतं.

बाबा बनियनवरच बाहेर आले. डोळे लाल. मी काठी पाठीमागे लपवली. एवढी लांब काठी लपणार कुठे?

"काय चाललंय?"

"उद्या निवड आहे, बाबा. जोरात मारता आलं नाही तर घेणार नाहीत मला."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

"हळू मारत होते. तुम्ही झोपलेले असायचात ना."

ते भिंतीकडे बघत राहिले, मग आत गेले. थोड्या वेळाने फरशीवरून खाट ओढल्याचा आवाज आला. त्यांनी ती पुढच्या खोलीत नेली, जिथे रस्त्यावरचे सगळे हॉर्न कानात शिरतात. तिथूनच ओरडले, "मार आता. अंधार पडेपर्यंत मार."

त्या दुपारी ते झोपलेच नाहीत. तसेच तारवटलेल्या डोळ्यांनी कामावर गेले. कागद कापायच्या यंत्रापुढे त्यांची मान लवंडलेली मला रात्रभर दिसत राहिली.

सकाळी मैदानावर माझा पहिला फटका गोलच्या वरून गेला, दुसरा खांबावर आपटला. "दणका आलाय," बाई म्हणाल्या. "आता कोपऱ्याकडे बघ." तिसरा गोलकीपरच्या काठीला लागूनही जाळीत घुसला.

"पुढची फळी," बाई म्हणाल्या.

मी धावतच घरी आले. बाबा हातापायांनी धड पाळीवरून परतले होते आणि नुकतेच झोपले होते. आईने ओठांवर बोट ठेवलं. मी कधीच, अगदी तापाने फणफणलेली असतानाही, त्यांना झोपेतून उठवलं नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला आणि गदागदा हलवला.

"बाबा, उठा. घेतलं मला."