खाली ठेवलेला दगड

त्या वर्षी वऱ्हाडात कापसाने माणसाला घरात जागा ठेवली नव्हती. दूर समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी इकडे अकोटच्या बाजारात कापसाचं सोनं होत होतं. चंद्रभानच्या घरात ओसरीपासून माजघरापर्यंत कापूसच कापूस. देवाचा कोनाडा तेवढा मोकळा, आणि त्याला लागून असलेली बाळंतिणीची खोली. बाकीची माणसं कापसावर निजत, कापसावर जेवत.

कोंबड्या आधी ओसरीतच डालग्याखाली असायच्या. पण एकदा व्यापाऱ्याच्या माणसाने चंद्रभानच्या कापसातून एक तांबडं पीस उपसलं आणि चारचौघांत त्याच्या नाकापुढे धरलं. "चंद्रभानजी, कापूस इकून राह्यले का उश्या?" सारा बाजार हसला. चंद्रभान घरी आला तो जोडे न काढताच म्हणाला, "कौशल्येची माय, त्या कोंबड्या परसात घाल. आजच्या आज."

सात कोंबड्या होत्या. चंद्रभानच्या बायकोचा, मनकर्णेचा, जीव त्या सातांत अडकला होता, आणि तो काही हौसेने नव्हे. लेक कौशल्या चांदूर बाजारहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. पौषात मुलगी झाली आणि मागोमाग जो ताप आला तो तिच्या हाडांत घर करून बसला. खाल्लेलं पोटात राहीना. गुरांचं कुरण नांगरून तिथेही कापूस पेरलेला, म्हणून म्हैस आटलेली. शेवटी सत्यभामा सुईण म्हणाली, "रोज एक अंडं फेटून पाज. तेवढंच तिच्या पोटात टिकून राह्यलं पाह्य. होळीपावतर ओढून काढ, मंग पोरगी तुई."

दुसरीकडून कोंबडी आणावी म्हटलं तर तीही सोय नव्हती. मूर्तिजापूरकडे आगगाडीच्या लोखंडी सडकेचं काम चाललं होतं. तिथल्या साहेबांचे खानसामे गावोगाव फिरून झाडून साऱ्या कोंबड्या घेऊन गेले होते. मनकर्णेने तेवढ्या आपल्या दिल्या नाहीत.

परसात तिने आपल्या हातांनी दगडमातीचं खुराडं बांधलं, फळीचं दार केलं, वर बाभळीच्या काट्या टाकल्या. घारीचं भय, बोक्याचं भय, आणि वारा लागला तर कोंबडी अंडं द्यायचं थांबते, त्याचंही भय. म्हणून वेचून झालेल्या तुकड्यातून उपटून आणलेल्या कापसाच्या काड्यांची, पऱ्हाट्यांची, भली मोठी गंज तिने खुराड्याच्या मागच्या भिंतीला लावून रचली. आता वारासुद्धा शिरणार नाही, असं म्हणून पदराने घाम पुसला.

आठवडा गेला आणि भर दुपारी एक कोंबडी नाहीशी झाली. सरकीवर उंदीर पडले होते म्हणून घरात भुरी मांजर आणली होती. मनकर्णेने तिला गोणीत घालून नदीपलीकडे नेऊन सोडलं. पुढच्या आठवड्यात दुसरी गेली. या खेपेला टिप्या कुत्र्याच्या तोंडाला पिसं चिकटलेली दिसली. "खाल्ल्या घरचे वासे मोजतं रांडेचं!" म्हणत तिने त्याला दोन दांडके हाणले आणि लिंबाला बांधून टाकलं. तेव्हापासून टिप्या पऱ्हाट्यांच्या गंजीकडे तोंड करून दिवसभर भुंके. दोरी ओढून ओढून त्याची मान सोलून निघाली.

"अव, तो काई सांगून राह्यला," चंद्रभान म्हणाला.

"सांगून नाई राह्यला, कोंबड्या मागून राह्यला," मनकर्णा म्हणाली.

त्याच दिवसांत मारुतीच्या पारावर गोवर्धनबुवांचं कीर्तन झालं. बुवांचा गळा असा, की नुसता 'विठ्ठल' म्हटलं तरी पारावरचा पिंपळ ऐकायला थांबल्यासारखा वाटे. सत्यभामेला लेकीजवळ बसवून मनकर्णा घटकाभर टेकली. कितीतरी दिवसांनी टाळांच्या आवाजात तिचा जीव सैल झाला. उत्तररंगात बुवांनी त्या उतावळ्या बाईची गोष्ट लावली. पाळण्यातल्या लेकराला साप डसू नये म्हणून घरच्या मुंगसाने साप मारला. बाई पाणी घेऊन आली, दारात मुंगसाचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं आणि पुढचंमागचं न बघता घागर त्याच्यावर आपटली. आत जाऊन बघते तर लेकरू खेळतंय! "बायांनो," बुवा हात जोडून म्हणाले, "उगारलेला हात एक क्षण थांबवा. त्या एका क्षणात देव उभा असतो." साऱ्या बाया रडल्या. मनकर्णा सगळ्यांत जास्त रडली. तिच्याही घरी पाळणा होता.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पऱ्हाट्यांच्या गंजीतून मुंगूस बाहेर आलं. तोंड लालभडक. मनकर्णेने दगड उचलला. नेम सरळ होता, मुंगूस दहा हातांवर होतं, आणि थांबून तिच्याकडेच बघत होतं. तिला बुवांचे जोडलेले हात आठवले. तिने दगड हळूच खाली ठेवला आणि आपले हात जोडले. "राख रे बाबा माह्या लेकीले," ती म्हणाली. भिंतीजवळ तिला सापाची जुनी कात सापडली, मग तर शंकाच उरली नाही. संध्याकाळी तिसरी कोंबडी कमी भरली, तेव्हा ती तिने घारीच्या नावावर घातली. मन एकदा ज्याला देव मानतं, त्याच्या पापाला ते दुसऱ्याचं नाव शोधून देतं.

"ते गंज पेटवून दे," अकोटला गाडी नेताना चंद्रभान म्हणाला. "मुंगूस लय वाईट."

"तुमी कीर्तनाले आले नाई ना, म्हून असं बोलता. येताना एखादी कोंबडी भेटली त पाहा, अजी. बाकी काई आणू नोका."

तो गेला. मनकर्णा नदीवर बाळाची दुपटी धुवायला गेली. कोंबड्या कोंडल्या, फळीला दगड टेकवला, तो दोनदा हलवूनही पाहिला. परत आली तर फळी तशीच, दगड तसाच, आणि आत कोंबड्यांचा आवाज नाही. फळी काढली. तीन कोंबड्या मान तोडून टाकलेल्या. एकही खाल्लेली नव्हती. चौथी, काळी, तेवढी नव्हतीच, तिचा पंख मागच्या भिंतीच्या बुडाशी पडलेला. तिथे हात जाईल एवढं भोक होतं, आणि ते भोक उघडत होतं पऱ्हाट्यांच्या गंजीत. वारा शिरू नये म्हणून तिने रचलेल्या गंजीत.

टिप्या आता भुंकत नव्हता.

मनकर्णा चुलीतला इंगळ खापरावर घेऊन आली. पऱ्हाट्या बाजूला सारल्या. आत काळ्या कोंबडीच्या पिसांचं मऊ अंथरूण होतं आणि त्यावर चार पिल्लं, डोळेही न उघडलेली, एकमेकांच्या पोटात तोंडं खुपसून पडलेली. त्यांच्या पुढे मुंगूस उभं होतं, अंग फुलवून. पळालं नाही. त्याचे सड दुधाने ताठले होते.

"तूबी बाळंतीणच व्हय व," मनकर्णा म्हणाली.

इंगळ हातात तसाच राहिला, आणि त्याची राख झाली. देव म्हणे त्या एका क्षणात उभा असतो. ती पुष्कळ क्षण उभी राहिली. बुवांच्या गोष्टीत याच्या पुढचं काही सांगितलेलं नव्हतं.

तिने टिप्याची दोरी सोडली. तो गंजीकडे गेला नाही. तिच्या हाताचा वासही न घेता फाटकातून निघून गेला, तो कायमचा.

"माय," आतून कौशल्येने हाक मारली, "आज अंडं नाई का व?"

"कोंबडी खुडूक झाली, बाई. उद्या."

"साऱ्याच खुडूक झाल्या?"

मनकर्णेने चूल पेटवली. मेलेल्यांतली एक शिजवून तिने रस पाजला. तो घटकाभरही टिकला नाही. पोर भुकेने रडू लागली, कौशल्येने छातीशी धरली आणि थोड्या वेळाने तशीच भुकेली बाजूला ठेवली.

चंद्रभान तिसऱ्या दिवशी परतला. कोंबडी नव्हती. "अख्ख्या अकोटात पीससुद्धा नाई," तो म्हणाला. पण कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता, आणि त्याने लेकीसाठी चांदीच्या तोरड्या आणल्या होत्या, जड, घुंगरांच्या. शेवटच्या वेच्याचा कापूस आता बाळंतिणीच्या खोलीतही बाजेच्या पायांपर्यंत आला होता. त्यात गुडघे रोवून बापाने लेकीच्या पायांत तोरड्या घातल्या.

"उठून बस, बाई. वाजव पाहू."

कौशल्या हसली. बापासाठी उठून बसायचं म्हणून तिने पाय बाजेखाली सोडले. तोरड्या घोट्यांवरून सरळ निसटल्या, एकामागून एक. खाली कापूस होता, त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.